सोमवारचा उपदेश

रेव्हरंड मनोहर तायडे यांच्या चर्चला रविवारी दांडी मारणं सोपं होतं. निस्तरावा लागायचा तो सोमवार.

उपासना संपली की पाळकसाहेब दारात उभे राहून एकेकाला सलाम करायचे. लोकांना वाटायचं, कोण कोण आलं ते बघतात. साहेब बघत असायचे ते कोण आलं नाही ते. हजेरीची वही वगैरे भानगड नव्हती. चाळीसेक घरांची मंडळी, ज्याचं त्याचं बाकडं बापजाद्यांपासून ठरलेलं, त्यामुळे रिकामी जागा लगेच नजरेत यायची. सोमवारी सकाळी काळी छत्री काखेत मारून स्वारी त्या घराच्या दारात हजर.

"सलाम. काल तुमचा उपदेश राह्यला. घेऊन आलो."

मग खुर्ची ओढून, शर्टाच्या खिशातून आठ घड्या घातलेला कागद काढून कालचा उपदेश पहिल्यापासून शेवटपर्यंत. "थोडक्यात सांगतो" हे त्यातलं पहिलं वाक्य, आणि थोडक्यात तेवढंच. घरात पाहुणे असोत, नवरा-बायकोचं भांडण अर्ध्यावर आलेलं असो, साहेबांचं काही अडायचं नाही. कुकरची शिट्टी झाली की थांबायचे आणि शिट्टी संपली की नेमकं पुढचं वाक्य उचलायचे. प्रत्येक घरी अर्धा कप चहा. कप भरून आला तर अर्धा परत ओतून द्यायचे, कारण पुढे आणखी घरं असायची. एकदा एक गृहस्थ छत्री लांबून दिसताच संडासात जाऊन बसले. साहेबांनी खुर्ची तिकडे ओढली आणि म्हणाले, "आरामात होऊ द्या. मी भाईरून सांगतो." त्या गृहस्थांनी पुढे तीन वर्षं एक रविवार चुकवला नाही.

आता हे सगळं सांगणारा मी कोण? मी वलगावचा माळी. माझं नाव गजानन, यावरून आमचं घर कुणाचं भक्त ते वऱ्हाडात वेगळं सांगावं लागत नाही. बी.ए. केलं, नोकरीची वाट पाहिली, ती काही येईना तेव्हा बापाच्या निशिगंधाकडे वळलो. अमरावतीला चर्चच्या फाटकाशी माझं फुलांचं छोटं दुकान आहे आणि आत वेदीपाशी ठेवायची रविवारची फुलं माझ्याकडून जातात. फुलं ठेवून झाली की मी मागच्या बाकड्याच्या कडेला टेकायचो. ऊन लागू नये म्हणून टेकायचो असं मी बायकोला सांगत असे.

साहेब नवीन आले तेव्हा पहिल्याच रविवारी मी आपल्या अकलेने झेंडूचा चांगला दांडगा हार करून नेला. साहेबांनी तो दोन्ही हातांवर घेतला, वजन पाहिलं.

"कोणाले घालाचा, भाऊ?"

"ते तुमीच सांगा, साहेब."

"इथी कोणाले हार नाई घालत." त्यांनी इकडेतिकडे पाहिलं, माझ्या तोंडाकडे पाहिलं, आणि स्टुलावर चढून तो हार सरळ दाराच्या चौकटीला तोरणासारखा बांधला. पंचकमिटीचे सेक्रेटरी इंगळे सर, निवृत्त मुख्याध्यापक, लगबगीने आले. "साहेब, हे काय लग्नघर आहे?" साहेब स्टुलावरूनच म्हणाले, "मंग काय मयतीचं घर हाये?" तेव्हापासून दर रविवारी दाराला हार लागतो. अजूनही लागतो.

इंगळे सरांचा आणि साहेबांचा हा सामना आठ वर्षं चालला. सर शुद्ध मराठीचे. साहेब पातूरकडचे. उपदेशाची सुरुवात ते "प्रियजनहो" अशी इस्त्री केलेल्या भाषेत करायचे आणि तिसऱ्या मिनिटाला इस्त्री मोडायची. एकदा द्राक्षवेलीचा दाखला होता. साहेब थबकले, म्हणाले, "द्राक्षाचा वेल इथी कोणी पाह्यला काय? हात वर करा." एकही हात वर झाला नाही. "मंग आपून संत्र्याचं झाड घेऊ. फांदी झाडाले लागेल असन तरच संत्रं लागते. तोडून अंगणात ठेवली तर बकरी खाते." पुढची पंधरा मिनिटं संत्र्यावर गेली. त्यात कलम आलं, डिंक्या रोग आला, आणि शेवटी देवही आला. दुसऱ्या दिवशी सरांनी कमिटीत विषय काढला, की शास्त्रात बदल करण्याचा अधिकार पाळकाला आहे काय. साहेबांनी उत्तर दिलं, "नाई. पण सर, मांगच्या वर्षी वेलावर बोल्लो तवा तुमी झोपेल होते. काल जागे होते." सरांनी विषय मागे घेतला.

पुढे सरांच्याच डोक्यातून एक सूचना निघाली, की आता सगळ्यांकडे मोबाईल आहेत, उपासना मोबाईलवर दाखवावी, म्हणजे न येणाऱ्यांना घरबसल्या ऐकता येईल आणि साहेबांची सोमवारची पायपीट वाचेल. साहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "त्यातून चाय येते काय?"

हे सगळं खरं, पण या पद्धतीत एक अन्याय होता आणि तो फक्त मार्थाबाईंनी बोलून दाखवला. मार्थाबाई म्हणजे निवृत्त नर्स, ऐंशीच्या घरातल्या. तिसरं बाकडं, खिडकीकडची बाजू. जुन्या लोकांप्रमाणे चर्चला अजून देऊळ म्हणतात. आयुष्यात त्यांनी रविवार चुकवलेला नाही. एकदा माझ्या देखत त्यांनी साहेबांना फाटकात धरलं.

"दांडी मारते त्याच्या घरी तुमी सोमवारी जाता. बसता, चाय पेता, अर्धा घंटा बोलता. मी इमानानं दर रविवारी देवळात येतो, तर माया घरी आठ वर्सात एक सोमवार नाई. माया काय गुन्हा हाये?"

"बाई, तुमचं कायी राहतच नाई. काय आनू?"

"हे काय बरं नाई, साहेब," असं म्हणून बाई काठी आपटत गेल्या. साहेब हसले, मीही हसलो. पण बाईंचं बोलणं ध्यानात ठेवा, पुढे ते लागणार आहे.

सोमवारी माझी अकोल्याची फेरी असायची. तिथल्या हारवाल्यांना संध्याकाळसाठी फुलं लागतात, तेव्हा दुपारी दीडला माझा टेम्पो निघायचा. अमरावतीची घरं आटोपून साहेब बरोबर त्या वेळी दुकानाशी येऊन उभे राहायचे आणि ड्रायव्हरच्या शेजारच्या सीटवर, म्हणजे माझ्या शेजारी, छत्री पायांत उभी धरून बसायचे. त्यांचं शेवटचं घर मूर्तिजापूरला होतं. मी त्यांना तिथे सोडायचो, अकोल्याहून परतताना उचलायचो. दीड तास जाताना, दीड तास येताना. वाटेत ते कपाशी बघायचे, तूर बघायचे, कुणाच्या शेतात तण माजलं असेल तर त्या न पाहिलेल्या माणसावर चिडायचे. मला माझ्या संसाराविषयी प्रश्न विचारायचे आणि उत्तर पूर्ण ऐकायचे. उत्तर पूर्ण ऐकणारा माणूस मला एरवी भेटलेला नाही, म्हणून मी सोमवारची वाट पाहायचो. हे मी त्यांना कधी बोललो नाही.

मूर्तिजापूरचं घर याकोबबाबांचं. बाबा पूर्वी छोट्या रेल्वेवर, आमच्या शकुंतलेवर, खलाशी होते. ती गाडी बंद पडली, आणि मग बाबाही पडले. अंगणात पाय घसरला आणि कमरेपासून खाली सगळं गेलं. सहा वर्षं खाटेवर. सून सगळं प्रेमाने करायची, पण ती शेतावर गेली की बाबा आणि समोरची भिंत. त्यांचा प्रत्येकच उपदेश राहायचा, म्हणून साहेब दर सोमवारी हजर.

एका सोमवारी मी अकोल्याहून जरा लवकर परतलो. चहा होईपर्यंत उंबरठ्यावर टेकलो. आत उपदेश रंगात आला होता. विषय होता, माणसाने इतकी धावपळ करू नये, कधीतरी थांबावं, शांत पडून राहावं. चहाचे डाग पडलेला कागद हातात धरून साहेब अगदी कळकळीने सांगत होते. बाबा छताकडे बघत ऐकत होते. संपल्यावर ते म्हणाले, "साहेब, उपदेश चांगला हाये. पण मी तर सहा वर्सापासून थांबेलच हावो."

साहेबांनी कागद मिटून मांडीवर ठेवला.

बाबांच्या आवाजात राग नव्हता. ते पुढे म्हणाले, "रविवारी तुमी हिंडत्या-फिरत्या लोकायसाठी सैपाक करता. उरला तो सोमवारी मले आनता. उपकार हाये तुमचे, उपाशी तर नाई ठेवलं. पण साहेब, माया एकट्यासाठी कधी ताजं कराल काय?"

सून चहा घेऊन आली. साहेबांनी त्या दिवशी कप भरलेला तसाच घेतला आणि अर्धा परत द्यायचं विसरले.

येताना बडनेऱ्यापर्यंत ते बोलले नाहीत. त्यांचं बोलणं बंद म्हणजे मला टेम्पोचं इंजिन बिघडल्यासारखं वाटायचं. बडनेऱ्याच्या पुलावर म्हणाले, "गजूभाऊ, सहा वर्सं झाली. सहा वर्सं मी त्या मानसाले शिळं वाढून राह्यलो." मी म्हटलं, "साहेब, येते कोन दुसरं? तुमी येता हेच काय कमी हाये?" ते म्हणाले, "हेच तं. कोनी येत नाई म्हून शिळं चालते, असं झालं नं हे."

त्यानंतर ते विचारपूस करू लागले. पातूरकडून, बाळापूरकडून, गावागावांतून खाटेवर खिळलेल्या माणसांची नावं त्यांच्या खिशातल्या कागदावर चढू लागली. कुणी ख्रिस्ती, बरेचसे नाहीत. "ज्याले उपदेश पाह्यजे त्याले उपदेश, ज्याले नाई पाह्यजे त्याच्यापाशी नुसतं बसनं," ते म्हणाले. बायको वारून बरीच वर्षं झालेली, मुलगी नागपूरला दिलेली. पातूरला एक खोली मिळत होती.

ख्रिस्ती लोकांत याला पाचारण म्हणतात. देव बोलावतो आणि माणसाने उठून जायचं असतं. जाण्याच्या तीन आठवडे आधी साहेबांनी उपासनेनंतर उभं राहून सांगितलं, की मला पाचारण झालं आहे, मी ही मंडळी सोडतो आहे. मी मागच्या बाकड्यावर होतो. पहिले बोलले ते इंगळे सर. "पाचारण म्हणजे बदलीचा अर्ज नव्हे, साहेब."

"नाई सर. बदलीत पगार वाढते," साहेब म्हणाले. कुणीही हसलं नाही.

त्या चर्चची एक जुनी रीत आहे. पाळक आपणहून जात असेल, तर शेवटच्या रविवारी मंडळी हात वर करून त्याला निरोप देते. सगळ्यांचे हात वर झाले की पाळक मोकळा. इतर पाळकांनी हे उरकून टाकलं असतं. साहेबांनी ते मनावर घेतलं. "मंडळीचं मन मोडून मी नाई जाणार," त्यांनी जाहीर करून टाकलं. "हात नाई उठले तं समजीन, का ते बलावनं माया कानातलंच होतं."

मग तो शेवटचा रविवार आला. त्याआधी शनिवार आला, आणि तो माझ्या वाट्याला आला.

सकाळी मार्थाबाई दुकानाशी आल्या. इकडेतिकडे बघून म्हणाल्या, "गजू, कोनाले सांगू नको. उद्या मी देवळात नाई येत."

मी उडालोच. "काहून, बाई?"

"काहून म्हंजे? मी नाई गेली तं माया उपदेश राहीन. राह्यला तं सोमवारी साहेबाले माया घरी याच लागन. आठ वर्सात एक सोमवार मले भेटला पाह्यजे का नाई? हात वर कराले बाकी लोकं हायेतच."

मी शपथ घेतली. तासाभराने इंगळे सर आले. गुलाबाचा भाव विचारला, घेतला नाही, आणि चष्मा पुसत म्हणाले, "गजानन, ही गोष्ट आपल्या दोघांत राहू द्या. उद्या माझी प्रकृती बरी राहणार नाही." बरं. दुपारी पेटी वाजवणाऱ्या ताई आल्या, त्यांच्याकडे अचानक पाहुणे येणार होते. मग ते संडासवाले गृहस्थ आले. संध्याकाळपर्यंत माझ्यापाशी अकरा गुपितं जमा झाली आणि अकराही एकच होतं. मंडळीबाहेरचा माणूस म्हणून सगळ्यांना मीच भरवशाचा वाटलो. प्रत्येकाला वाटत होतं, आपण एकट्यानेच ही युक्ती काढली. एकाला जरी सांगितलं असतं की बाबा रे, तू अकरावा आहेस, तर पुढचं टळलं असतं. पण शपथ म्हणजे शपथ. शिवाय खरं सांगतो, मला मनातून गंमत वाटत होती.

रविवारी मी फुलं घेऊन गेलो तेव्हा साहेब पांढरा झगा घालून तयार होते. दाराला हार बांधला. नऊ वाजले, त्यांनी स्वतः घंटा वाजवली. सव्वानऊला पुन्हा वाजवली. रस्त्यावरून एक ऑटो गेला, थांबला नाही. साडेनऊला सगळी बाकडी रिकामी होती. पहिल्यापासून शेवटच्यापर्यंत एकही माणूस नाही. अकराजण येणार नाहीत हे मला ठाऊक होतं. चाळीसच्या चाळीस घरांनी तीच शक्कल लढवली असेल हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं.

साहेब पहिल्या बाकड्यावर जाऊन बसले. मी कधी त्यांना असं खचून बसलेलं पाहिलं नव्हतं.

"एक बी हात नाई, गजूभाऊ," ते म्हणाले. "मंडळी रागावली."

मी वेदीपाशी ठेवलेली फुलं उगाच सारखी करू लागलो.

"बरोबर हाये त्याईचं. आठ वर्सं ज्यायचं मीठ खाल्लं त्याईले सोडून मी निंगालो. माया कानातलंच होतं ते बलावनं." त्यांनी झग्याच्या आतून हात घालून फोन काढला. "पातूरले कळवून टाकतो. नाई जात."

चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली होती, ती कानावर नीट बसवून ते नंबर शोधू लागले.

आता मला एवढंच करायचं होतं, की गप्प बसायचं. शपथही पाळली गेली असती. साहेब राहिले असते, चाळीस घरं खूश झाली असती, आणि सोमवारी दुपारी दीडला छत्री घेऊन ते माझ्या टेम्पोशी उभे राहिले असते. मला ते हवं होतं. मनापासून हवं होतं, खोटं कशाला बोलू. मी समोर बघत राहिलो आणि मला याकोबबाबांची खाट दिसायला लागली. त्यांची ती भिंत.

"साहेब, फोन ठेवा," मी म्हणालो. "कोनी रागावलं नाई. तुमी उद्या घरी यावं म्हून सारे घरी बसेल हायेत."

त्यांना आधी कळलंच नाही. मग मी मार्थाबाई सांगितल्या, सरांची बिघडणारी प्रकृती सांगितली, ताईंचे पाहुणे सांगितले, अकराही गुपितं ओळीने फोडली. साहेबांचा चेहरा हळूहळू बदलला. आधी ओठ हलले, मग खांदे, आणि मग ते इतके हसले की झग्याच्या बाहीने डोळे पुसावे लागले. पुसून झाल्यावर पुन्हा डोळे भरले, तेव्हा मात्र ते हसत नव्हते.

"चाला मंग," ते उठले. "बसा समोर."

"मी? काहून?"

"उपदेश झालाच नाई तं राहीन कसा? उद्या काय नेऊ मी चाळीस घरी?"

बिनतोड होतं. मी पहिल्या बाकड्यावर, आयुष्यात पहिल्यांदा, समोर जाऊन बसलो. साहेब पुलपिटावर चढले, "प्रियजनहो" म्हणाले आणि एका माळ्याला पाऊण तास उपदेश केला. आवाज तेवढाच मोठा, हातवारे तेवढेच. शेवटी कागदाच्या आठ घड्या घातल्या आणि खाली पाहिलं.

"रीत पुरी करा लागते. मले जाऊ देनं ज्याले मान्य हाये त्यानं हात वर करा."

"साहेब, मी मंडळीतला नाई."

"आज इथी तुमीच मंडळी."

दारातला झेंडूचा हार वाऱ्याने हलत होता. मी हात वर केला. पन्नास किलोची फुलांची पोती मी रोज उचलतो, पण तो हात मला जड गेला.

मग सोमवार सुरू झाला आणि बुधवारपर्यंत चालला. चाळीस घरं, चाळीस अर्धे कप. मार्थाबाईंनी पहिला नंबर लावला होता. त्यांनी साहेबांना पाऊण तासाचा उपदेश ऐकवू दिला, आणि संपल्यावर "आता पयल्यापासून सांगा, मले कमी ऐकू येते" म्हणून दुसऱ्यांदा सांगायला लावला. त्यांना कमी ऐकू येत नाही. घरोघर उपदेशाच्या शेवटी साहेब तोच प्रश्न विचारायचे आणि घरोघर हात वर व्हायचे, काही चटकन, काही पदराने नाक पुसून. इंगळे सरांनी हात वर करायला बुधवार संध्याकाळ घेतली. आधी त्यांनी उपदेशातल्या व्याकरणाच्या सात चुका काढल्या, आणि मग हात वर केला तो बराच वेळ खाली घेतला नाही.

माझ्या घरी साहेब आले नाहीत. मी तिन्ही दिवस दुकान लवकर बंद करून वलगावला जाऊन बसलो. बायकोने सोमवारी तुरीच्या दाण्यांची आमटी केली, मंगळवारी केली, बुधवारी म्हणाली, "तुमचा उपदेश राह्यला नाई नं. ते काहून येतीन?" पटलं, पण झोंबलं.

गुरुवारी मीच त्यांना टेम्पोतून नेलं. सामान म्हणजे एक पेटी, पुस्तकांची एक पिशवी, छत्री, आणि मंडळीने दिलेली संत्री, तुरीची डाळ, लोणच्याच्या बरण्या. पातूरहून एक गाडी संध्याकाळी त्यांना न्यायला मूर्तिजापूरला येणार होती. तोवरचा दिवस त्यांनी याकोबबाबांसाठी राखला होता. वाटेत ते कपाशी बघत होते, मी रस्ता बघत होतो.

बाबांच्या दाराशी सामान उतरवलं. साहेबांनी छत्री काखेत मारली. सोमवारची राहिलेली अकोल्याची फेरी मला करायची होती, निशिगंध उन्हात राहत नाही.

"साहेब," मी म्हणालो, "माया रविवारचा उपदेश राह्यला."

"तुमी तं समोर बसेल होते."

"बसेल होतो. पन कायीच ऐकलं नाई. सारा वेळ मनात एकच होतं, का आता सोमवारी माया बाजूले कोन बसन."

त्यांनी विचारलं, "आन हात?"

"हात खरा होता."

त्यांनी चष्मा काढला, शर्टाच्या टोकाला पुसला, दोरा सांभाळून परत घातला. "मंग तुमचा बाकी राह्यला, गजूभाऊ. येईन मी. सोमवारी येईन."

"कोनत्या सोमवारी?"

"ते नाई सांगत. सांगून आलं का लोकं संडासात जाऊन बसतात."

ते आत गेले. मी टेम्पोत चढून किल्ली फिरवणार, तेवढ्यात उघड्या दारातून याकोबबाबांचा आवाज आला, "साहेब, कागद कुठी हाये?" साहेब खाटेला लागून खाली जमिनीवरच बसले होते, मला त्यांची पाठ तेवढी दिसत होती. "आज कागद नाई आनला, बाबा," ते म्हणाले. "तुमी सांगा. काल झोप लागली काय?" बाबा सांगायला लागले आणि ती पाठ पुढे वाकली, उत्तर पूर्ण ऐकण्यासाठी वाकायची तशी.

तेव्हापासून अकोल्याची फेरी मी मंगळवारवर ढकलली आहे. सोमवारी मी घरीच असतो.